चहातली शांतता किती मिलिग्रॅमची?

दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरच्या गल्ल्यांत मराठी शोधावी लागत नाही, ती कानांवर आपोआप येते. लातूर, बीड, सोलापूर, जळगाव, चंद्रपूरकडून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आलेली मुलं-मुली इथे आणि उत्तरेला मुखर्जी नगरात खोल्या करून राहतात. खोली कोंदट, अभ्यासिकेतली खुर्ची महिन्याच्या भाड्याची, मेसचा डबा वेळेचा पक्का. दिवसातली मोकळी म्हणावी अशी जागा एकच, चहाची टपरी. रात्री अकराला अभ्यासिकेतून उठून आलेला घोळका ‘भैया, चार अदरकवाली’ म्हणतो आणि ग्लास हातात येईपर्यंत निबंधाच्या पेपरपासून गावाकडच्या पावसापर्यंत सगळं बोलून होतं.

या घोळक्याच्या मोबाइलवर अलीकडे एक नवं नाव फिरू लागलं आहे : एल-थिॲनिन. चहात असणारं एक ॲमिनो आम्ल. मन शांत करतं पण झोप आणत नाही, कॅफिनची धडधड काढून घेतं आणि तरतरी तेवढी शिल्लक ठेवतं, अशी त्याची ख्याती. शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या डबीत ते मिळतं आणि गुरुग्राम-नोएडात तर काही मिनिटांत दारात हजर होतं. जो डबी घेत नाही त्याच्यापर्यंतही युक्तिवाद पोचलेला असतोच. चहात थिॲनिन असतं, म्हणून चहाने डोकं शांत होतं, म्हणून दिवसाचा सहावा ग्लास हाही अभ्यासाचाच भाग. या युक्तिवादाचं पहिलं विधान खरं आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसरं बाजाराने आपल्या सोयीने चिकटवलेलं आहे.

थिॲनिनची सुरुवात अक्षरशः मुळापासून होते. जमिनीतून घेतलेला नत्र चहाचं झाड मुळांमध्ये थिॲनिनच्या रूपात बांधतं आणि कोवळ्या पालवीकडे पाठवतं. पालवीवर ऊन पडलं की थिॲनिन मोडतं आणि त्याचा काही भाग कॅटेचिन या तुरट द्रव्यांच्या घडणीत खर्ची पडतो. त्यामुळे उन्हात वाढलेलं पान तुरटपणाकडे झुकतं आणि सावलीतलं गोडसर, रसदार लागतं. जपानी बागायतदारांना ही गोष्ट रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी जिभेने कळली होती. क्योतोजवळच्या उजी भागात खुडणीआधी सुमारे तीन आठवडे चहाच्या बागा झाकून ठेवतात आणि त्यातून ग्योकुरो, माचा असे महागडे चहा तयार होतात. १९४९ साली साकातो या जपानी संशोधकाने थिॲनिन ओळखलं, तेही ग्योकुरोच्याच पानांतून. वाळलेल्या पानाच्या वजनात ते साधारण एक ते दोन टक्के भरतं. चहाखेरीज निसर्गात ते फारसं कुठे आढळत नाही, एका रानटी अळंबीसारखे अपवाद सोडले तर. आपल्या शरीराची प्रथिनं बांधायला त्याचा उपयोग नाही. मात्र मेंदूतल्या ग्लुटामेट या उत्तेजक संदेशवाहकाशी त्याची ठेवण बरीच जुळते आणि रक्तातून मेंदूत शिरायला त्याला वाट मिळते. संशोधकांचं कुतूहल चाळवलं ते यामुळे.

पहिले महत्त्वाचे प्रयोग जपानमध्ये झाले. भारतात जन्मलेले आणि जपानमध्ये स्थिरावलेले डॉ. लेखराज जुनेजा हे तेव्हा तैयो कागाकू या कंपनीत होते (पुढे ते तांदळाच्या कुरकुरीत खाऊसाठी प्रसिद्ध असलेल्या कामेदा सेइका कंपनीचे प्रमुख झाले). त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलं की थिॲनिन घेतल्यावर मेंदूतल्या अल्फा लहरी वाढतात. जागेपणीच्या निवांत अवस्थेशी या लहरींचा संबंध लावला जातो. २००८ साली आणखी एका गटाने ५० मिलिग्रॅम इतक्या छोट्या मात्रेतही तसंच काहीसं नोंदवलं. त्याच वर्षी २७ जणांवरच्या प्रयोगात ५० मिलिग्रॅम कॅफिनच्या जोडीला १०० मिलिग्रॅम थिॲनिन दिलं, तेव्हा एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळवण्याचा वेग आणि अचूकपणा सुधारलेला दिसला. २०१० साली ४४ तरुणांवरच्या प्रयोगात ९७ मिलिग्रॅम थिॲनिन आणि ४० मिलिग्रॅम कॅफिन असं मिश्रण होतं, निष्कर्ष त्याच दिशेचा.

माणसांचे हे आकडे पुन्हा वाचावेत. सत्तावीस, चव्वेचाळीस. ५० मिलिग्रॅमच्या त्या अल्फा लहरींच्या अभ्यासात तर थिॲनिन मिळालेले होते सोळा. अशा प्रयोगांतून दिशा कळते, खात्री मिळत नाही. शिवाय या विषयातले कितीतरी अभ्यास युनिलिव्हरच्या शास्त्रज्ञांनी किंवा त्यांच्या सहभागाने केलेले आहेत, आणि युनिलिव्हरची भारतीय शाखा रेड लेबल, ताजमहाल, ताजा हे चहा विकते. संशोधन कंपनीचं म्हणून ते खोटं ठरत नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, हे पैसे देणारा ठरवू शकतो, एवढं वाचकाने ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता मुद्दा मात्रेचा. २०११ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी बाजारातल्या चहांतलं थिॲनिन मोजून ‘फूड केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. २०० मिलिलिटरच्या मोठ्या कपभर काळ्या चहात सरासरी २४ मिलिग्रॅम भरलं. आरोग्याचा पुतळा म्हणून मिरवणाऱ्या ग्रीन टीत त्याहून कमी, जेमतेम आठ. पात किती वेळ पाण्यात राहिली यावर उतारा ठरत होता. थोडंसं दूध किंवा साखर घातल्याने फरक पडला नाही, पण दूध वाढवलं तसं सापडणारं थिॲनिन घटलं.

हा शेवटचा निष्कर्ष ब्रिटिश माणसासाठी तळटीप असेल, उत्तर भारतात तो थेट मुळावर येतो. टपरीवरचा ग्लास त्या कपाच्या निम्मा, आणि त्यात निम्मं दूध. पात बहुधा सीटीसीची. ही यंत्रपद्धत १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅकर्चर यांनी आणली. चिरडणं, फाडणं, गुंडाळणं या तीन क्रियांतून पानाचा घट्ट दाणा होतो, तो पाण्यात पडताच भसाभसा रंग सोडतो आणि दुधाच्या माऱ्याखालीही चव टिकवून धरतो. गरीब देशाला परवडणारा, थोडक्या पुडीत जास्त कप देणारा चहा हवा होता, तो सीटीसीने दिला. त्याची निवड कोणी थिॲनिनसाठी केलेली नाही. अशा एका ग्लासात उदारपणे धरलं तरी दहा-पंधरा मिलिग्रॅम थिॲनिन असेल. म्हणजे प्रयोगशाळेतले १०० मिलिग्रॅम गाठायला सात ते दहा ग्लास. प्रत्येकात चमचाभर साखर धरली तरी पोटात जाणारी साखर ३५ ते ५० ग्रॅम, आणि दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिल्लीची टपरी चमचाभरावर थांबत नाही, हा भाग वेगळा.

आणि कॅफिन? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं मुख्यालय दिल्लीत अन्सारी नगरात आहे. तिच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार एका वेळच्या चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. थिॲनिनचे १०० मिलिग्रॅम गाठायला मोठे चार कप बिनदुधाचा चहा घेतला तरी सोबत १२० ते २६० मिलिग्रॅम कॅफिन येणार. ज्या प्रयोगांच्या जोरावर ‘शांत तरतरी’ विकली जाते, त्यांत थिॲनिन कॅफिनच्या दुप्पट होतं. कपात नेमकं उलट असतं : कॅफिन जास्त, थिॲनिन कमी. प्रयोगातलं प्रमाण कॅप्सूलला लागू पडेल, अदरकवालीला लागू पडत नाही, आणि तरीही त्याच प्रयोगाचा दाखला दोघांच्याही गळ्यात बांधला जातो.

यापेक्षाही सोपी कसोटी घड्याळाची आहे. चहातलं थिॲनिन रक्तात कमाल पातळीवर पोचायला सुमारे पाऊण ते एक तास लागतो. कॅफिनलाही साधारण तसाच वेळ. टपरीवरचं ‘हुश्श’ मात्र पहिल्या घोटाबरोबर येतं. त्या क्षणी मेंदूत थिॲनिनचा पत्ताही नसतो. ते कामाला लागेल तेव्हा विद्यार्थी परत खुर्चीवर बसून आधुनिक भारताच्या इतिहासात डोकं खुपसून बसलेला असणार. मग त्या घोटाबरोबरचा दिलासा कशाचा? ऊन-ऊन ग्लासाचा, आल्याच्या झणक्याचा, गोडाचा, चार पावलं चालल्याचा, दोन शब्द आपल्या भाषेत बोलल्याचा आणि ‘आता बरं वाटणार’ या सवयीच्या अपेक्षेचा. यातलं काहीच कमअस्सल नाही. फक्त त्याचं श्रेय एका रेणूला देऊन, मग तो रेणू डबीत भरून विकणं ही चलाखी आहे.

सकाळच्या पहिल्या कपाची गंमत आणखी वेगळी. ‘चहा झाल्याशिवाय माझं डोकं चालत नाही’ हे वाक्य मराठी घरांत कौतुकाने म्हटलं जातं. ब्रिस्टल विद्यापीठातले पीटर रॉजर्स आणि सहकारी यांनी २०१० साली ३७९ जणांवर प्रयोग करून दाखवलं की रोज कॅफिन घेणाऱ्याला सकाळी मिळणारी तरतरी ही बहुतांशी रात्रभराच्या उपासाची भरपाई असते. रोज घेणारा कप घेतल्यावर जिथे पोचतो, तिथे न घेणारा आधीपासूनच उभा असतो. याच रॉजर्स यांचा २००८ चा एक अभ्यास थिॲनिनच्या भक्तांनी मुद्दाम वाचावा. २५० मिलिग्रॅम कॅफिनबरोबर २०० मिलिग्रॅम थिॲनिन दिल्यावर कॅफिनने वाढवलेला रक्तदाब खाली आला हे खरं, पण अंगात येणारी थरथर आणि बेचैनी थिॲनिनने कमी झाली नाही. ‘धडधड काढून घेतं’ या दाव्याचा इथे निम्मा आधार उरतो.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली थिॲनिनबद्दलचे दावे तपासले होते. बुद्धी तल्लख होते, ताण हलका होतो, झोप नीट लागते. पुरावे पाहून प्राधिकरणाने सांगितलं की कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. त्यानंतरही अभ्यास झाले. जपानमध्ये २०१९ साली तीस निरोगी प्रौढांना चार आठवडे रोज २०० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा ताणाशी निगडित तक्रारी आणि झोप यांत काही सुधारणा नोंदली गेली. आशादायक, पण पुन्हा तीसच जण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली एका वेळी २५० मिलिग्रॅमपर्यंतच्या वापरावर आक्षेप घेतला नाही, हे जाहिरातीत आवर्जून सांगितलं जातं. पण तो निर्वाळा सुरक्षिततेपुरता आहे. एखादी गोष्ट अपाय करत नाही आणि ती उपयोगी पडते, ही दोन वेगळी विधानं आहेत.

डबीवर हिरवंगार चहाचं पान छापलेलं असतं, त्याबद्दलही थोडं. बाजारातलं सर्वांत नावाजलेलं थिॲनिन तैयो कागाकूचं, सनथिॲनिन या नावाचं. ते चहाच्या पानातून काढलेलं नसतं. जिवाणूंपासून मिळवलेल्या विकराच्या साहाय्याने ते टाकीत घडवतात. रेणू तोच, त्यामुळे यात फसवणूक नाही. पण त्यासोबत बौद्ध भिक्षूंची ध्यानधारणा आणि उजीच्या धुक्यातल्या बागा खपवायचं कारणही नाही.

चहाच्या बाजूने बोलावं असं पुष्कळ आहे, आणि त्यातला सर्वांत चांगला पुरावा साध्या काळ्या चहाचाच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अँड्र्यू स्टेप्टो यांच्या गटाने ७५ तरुणांचा नेहमीचा चहा सहा आठवडे बंद केला. निम्म्यांना दिवसातून चार वेळा काळ्या चहाची भुकटी मिसळलेलं पेय दिलं. उरलेल्यांना चवीला तसंच, कॅफिनही तेवढंच, पण चहाचे बाकीचे घटक नसलेलं. मग सगळ्यांना ताण येईल अशा कामांना जुंपलं. ताण आला तो दोन्ही गटांना सारखाच. फरक पडला नंतर. पन्नास मिनिटांनी चहावाल्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक सरासरी ४७ टक्के उतरलं होतं, दुसऱ्या गटात २७ टक्के. इथे टपरी नव्हती, गप्पा नव्हत्या, चहाचा वासही ओळखता येत नव्हता. तेव्हा चहात काहीतरी आहे. ते थिॲनिन, की पॉलिफिनॉल, की सगळ्यांची मिळून करणी, हे त्या प्रयोगाने ठरवलं नाही. आणि बारकाईने पाहिलं तर चहाने ताण अडवला नव्हता, ताणातून बाहेर यायला हात दिला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री पाचवा ग्लास पिणाऱ्याची अपेक्षा नेमकी उलटी असते.

भारतात चहा कधी निव्वळ पेय म्हणून विकला गेलाच नाही. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून पुढे प्रचाराची मोठी फळी उभी राहिली. रेल्वे स्थानकांवर पाट्या लागल्या, गावोगाव फुकट चहा वाटला गेला, अंगात जोम येतो असं सांगितलं गेलं. महात्मा गांधींना हे पटणारं नव्हतं. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी १९४२ मध्ये आरोग्यावरचं जे छोटं पुस्तक लिहायला घेतलं, त्यात उकळलेल्या चहातल्या टॅनिनवर टीका आहे. चामडं कमावायला वापरतात तेच द्रव्य पोटात कशाला, असा त्यांचा रोख. शरीरशास्त्र म्हणून तो थोडा ताणलेला होता. पण २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही बोट टॅनिनवरच ठेवलं आहे, कारण वेगळं आहे : अन्नातलं लोह ते शोषू देत नाही, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मेसचं पातळ वरण आणि दोन पोळ्या खाऊन लगेच ग्लास हातात घेणाऱ्या मुलीला थिॲनिनपेक्षा ही तासाभराची सूचना कितीतरी पटीने उपयोगाची आहे. ती तिच्या मोबाइलवर येत नाही, कारण तिच्यातून काही विकलं जात नाही.

रात्री अकराच्या ग्लासाचंही तसंच. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास जातात. डेट्रॉइटमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्यापूर्वी सहा तास ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलं तरी एक तासाहून जास्त झोप कमी झाली. ती मात्रा मोठी होती, टपरीवरच्या ग्लासात त्याचा अंशच असतो. पण दिवसभराचे सहा-सात ग्लास आणि त्यावर झोपेच्या तोंडावरचा आणखी एक, असा हिशेब करणाऱ्याने तो अंश हलक्यात घेऊ नये. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. गुरुग्रामच्या सायबर सिटीत किंवा नोएडात अमेरिकेच्या घड्याळाने काम करणाऱ्यांना तर चहा हा झोप ढकलण्याचा रोजचा उपाय आहे. झोपेची तूट भरून काढणारं ॲमिनो आम्ल अजून कोणाला सापडलेलं नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. राजिंदर नगरातल्या काही मुलांची घालमेल ही ‘लक्ष लागत नाही’ या पातळीच्या पुढे गेलेली असते. छाती धडधडते, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही, घरी फोन करावासा वाटत नाही. त्याला चहा पुरत नाही, कॅप्सूलही पुरत नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत चालते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनीही थिॲनिनची डबी उघडण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

ज्याला खरोखर चहाच प्यायचा आहे त्याच्यासाठी दिल्ली हे उत्तम शहर आहे. दर्यागंजमध्ये नेताजी सुभाष मार्गावर १९८१ पासून ‘आप की पसंद’ हे दुकान आहे, सुंदर नगरच्या बाजारात दार्जिलिंग-आसामची पानं विकणारी जुनी दुकानं आहेत. वसंतातल्या पहिल्या खुडणीचा दार्जिलिंग, हिमाचलातल्या कांगड्याचा हलका चहा, हे बिनदुधाचे घोट कोवळ्या पालवीचे असतात, आणि ॲमिनो आम्लांचा वाटा कोवळ्या पालवीतच जास्त. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ते गरम पाणी वाटण्याची शक्यता बरीच, अमृततुल्यावर पोसलेल्या जिभेचा त्यात दोष नाही. दुसऱ्या टोकाला गुरुग्राम-दिल्लीच्या कॅफेंमध्ये माचाची लाट आली आहे. माचात अख्खं पान पोटात जातं, त्यामुळे थिॲनिन जास्त मिळतं आणि कॅफिनही. जगभरातली मागणी इतकी चढली की इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या क्योतो परिसरातल्या जुन्या पेढ्यांना २०२४ च्या शरदात विक्रीवर मर्यादा घालावी लागली. पण इथल्या कॅफेतली माचा बहुतेक वेळा उंच पेल्यात, गोड करून, भरपूर दुधात येते. ती टपरीच्या चहाचीच श्रीमंत चुलत बहीण. आणि गवती चहा, कॅमोमाइल, तुळशीचा काढा यांत थिॲनिन नसतंच. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार चहा म्हणजे फक्त कॅमेलिया सायनेन्सिसचं पान.

हे नियम करणारं प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, दिल्लीतच कोटला रोडवरच्या एफडीए भवनात बसतं. चहाची भुकटी विकायला तिच्यात पाण्यात उतरणारा अर्क किमान ३२ टक्के असावा, धागा साडेसोळा टक्क्यांच्या आत असावा, राख अमुक इतकी असावी, असे निकष त्याने घातले आहेत. भेसळ पकडायला ते योग्यच. पण एका कपात कॅफिन किती आणि थिॲनिन किती, हे पुड्यावर छापायची सक्ती नाही. उलट पाकिटावर ‘ताजेपणा’, ‘एकाग्रता’, ‘शांती’ हे शब्द आणि डोळे मिटलेल्या बाईचं चित्र मात्र बिनदिक्कत असतं. जाहिराती आणि दाव्यांबाबतची २०१८ ची नियमावली आरोग्याच्या दाव्याला शास्त्रीय आधार मागते. हा आधार किती मात्रेचा आणि तुमच्या पुड्यातून तेवढी मात्रा मिळते का, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा. ‘थिॲनिनमुळे मन शांत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक उत्पादनाने, मग तो चहा असो, कॅप्सूल असो की कॅफेतला पेला, मिलिग्रॅमचा आकडा आणि ज्या मात्रेवर प्रयोग झाला तो आकडा शेजारी-शेजारी छापावा. चहा उद्योगाला हे अवघड नाही. चाखणीसाठी चहा कसा करायचा याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९८० सालीच ठरलेली आहे : शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्यात दोन ग्रॅम पात, सहा मिनिटं. त्याच उताऱ्यातलं कॅफिन आणि थिॲनिन मोजणं हे कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेचं नेहमीचं काम आहे.

टपरीच्या शेजारच्याच पानाच्या ठेल्यावर एनर्जी ड्रिंकचे डबे मांडलेले असतात. त्यांना लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनची चौकट पाळावी लागते, कॅफिन जास्त असल्याची सूचना छापावी लागते, दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये आणि मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी टाळावं, हेही लिहावं लागतं. भारतात वर्षाला सुमारे १३० ते १४० कोटी किलो चहा पिकतो, त्यातला जवळजवळ चार-पंचमांश देशातच संपतो, आणि त्याच्या पुड्यावर यातली एकही ओळ नसते.